शेरूचे पोट आणि आपले स्वयंपाकघर

पहाटेचे सामायिक आटोपून दार उघडले की ओसरीवर पिवळ्या, फेसाळ पाण्याचे लहानसे थारोळे दिसे. आठवड्यातून तीन-चार दिवस तरी हे ठरलेलेच. शेजारी शेरू मान खाली घालून बसलेला, जणू अपराध त्याचाच. दिवसभरात एक-दोनदा पातळ शौच, पोटात गुडगुड, आणि तरीही खाण्याची हाव कायम. आमच्या बार्शीच्या घरात तो आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. हा प्रकार सुरू झाला तेव्हा चार वर्षांचा, पंचवीस किलोंचा लॅब्राडोर झाला होता. घरातील प्रत्येकाजवळ त्याच्या दुखण्याचा एकेक उपाय होता आणि प्रत्येकजण तो गुपचूप करीत होता. दुखण्याचे अर्धे मूळ तेच होते, हे पुढे कळले.

आमचा व्यवसाय डाळीचा. सकाळी दुकानाच्या पायरीवर गाईला आणि कुत्र्याला पोळी घातल्याशिवाय गल्ला उघडायचा नाही, ही सासऱ्यांच्या वडिलांपासूनची रीत. त्यामुळे ‘कुत्र्याला काय घालावे’ हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारलाच नव्हता. जे आपल्या ताटात, तेच त्याच्या ताटलीत. सासूबाई तुपाची पोळी कुस्करून घालीत, मुले बिस्किटे देत, दुपारी कामवाल्या मावशी उरलेले दूध ओतीत, आणि सासरे दुकानातून येताना पेढ्याचा तुकडा आणीत. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कागद पुढे केला आणि म्हणाले, “भाभी, याने काल सकाळपासून जे जे खाल्ले ते सगळे लिहा. कोणी दिले तेही लिहा.” यादी सतरा ओळींची झाली. औषधाआधी त्यांनी ती यादीच वाचली.

त्यांचे पहिले म्हणणे असे की, अन्न बदलण्यापूर्वी पोटात दुसरे कोणी राहत नाही ना, ते पाहिले पाहिजे. शौचाचा ताजा नमुना तपासून जंत आहेत का, जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी आहेत का, हे आधी कळावे लागते. ते असतील तर जगातील सर्वोत्तम खाद्यही व्यर्थ. येथे आपल्यापैकी अनेकांचे मन अडखळते, कारण जंतांचे औषध म्हणजे जीवहिंसा. आमच्या सासूबाईही अडखळल्या. परंतु कुत्र्याच्या पोटातील काही जंत माणसाच्या मुलांनाही बाधतात आणि घरात रांगते बाळ आहे, हे कळल्यावर त्यांनी स्वतः गोळी पेढ्यात नव्हे, भाताच्या मुटक्यात घालून दिली आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला थोड्या लवकर बसल्या. प्रत्येक घराने हा निर्णय आपल्या विवेकाने करावा. मात्र तो टाळून केवळ खाद्ये बदलत बसू नये.

शेरूच्या तपासणीत काही निघाले नाही. मग पाळी आली त्या सतरा ओळींची.

दुधावर डॉक्टरांनी पहिली काट मारली. पिल्लू मोठे होऊ लागले की दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचविणारे पाचक द्रव्य त्याच्या आतड्यात कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तेथे आंबते, पाणी ओढून घेते आणि शौच पातळ होते. दह्यात आणि पनीरमध्ये ही साखर कमी असते, म्हणून काही कुत्र्यांना ते चालते. पण दुधातील प्रथिनाचीच ज्याला बाधा होते त्याला पनीरही चालत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पर्युषणात जीवदयेच्या भावनेने आपण गल्लीतील कुत्र्यांना दूध आणि जिलेबी घालतो. त्या रात्री गल्लीची जी अवस्था होते, तिचे कारण हेच आहे. कोरड्या पोळीचे तुकडे, साधा भात आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्याची कुंडी एवढे दिले तर त्या जीवांना अधिक सुख होईल.

दुसरी काट तुपावर. कुत्र्याला स्निग्ध पदार्थ अतिशय आवडतात. पण एकदम जास्त तूप, तळण किंवा मिठाई पोटात गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ते दुखणे साधे नव्हे. उलट्या थांबत नाहीत, पोट दुखते, कधी जिवावरही बेतते. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत असे कुत्रे आपल्याकडे जास्त येतात, असे डॉक्टर म्हणाले. ज्याचे पोट नाजूक आहे त्याच्या पोळीला तूप लावू नये. ते प्रेम आपल्या समाधानाचे असते, त्याच्या नव्हे.

आपल्या घरांचा एक लाभ मात्र सांगितला पाहिजे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी नष्ट करतात. शिजवलेले असोत, वाटणात असोत की भुकटीच्या रूपात, विषारीच. इतर घरांत उरलेल्या भाजीतून हे विष नकळत जाते, आपल्याकडे ते नसतेच. परंतु मनुका असतात. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि आपल्या शिऱ्यात, सुक्या मेव्याच्या प्रभावनेत त्या हटकून असतात. चॉकलेट वर्ज्य. घरातील मधुमेही ज्येष्ठांसाठी आणलेल्या साखरविरहित गोळ्यांत, च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असू शकतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम खाली जाते. हे पदार्थ कपाटात वरच्या फळीवर ठेवावेत.

आता त्या पिवळ्या पाण्याविषयी. डॉक्टरांनी विचारले, “हा रात्री शेवटचे कधी जेवतो?” आमच्याकडे चौविहार. हिवाळ्यात साडेपाचला सर्वांची जेवणे उरकतात, त्याचेही त्याच वेळी. सकाळी नवकारशीनंतर, म्हणजे आठच्या सुमारास त्याला पुन्हा मिळे. साडेचौदा तास पोट रिकामे. काही कुत्र्यांच्या रिकाम्या जठरात लहान आतड्यातील पित्त उलटे येते, जठराच्या अस्तराला झोंबते आणि पहाटे ते उलटून पडते. उपाय साधा होता. झोपण्यापूर्वी थोडेसे खाणे द्यावे.

उपाय साधा, पण घर ढवळून निघाले. सासूबाई म्हणाल्या, “आपण रात्री पाणीही घेत नाही, आणि आपल्याच हाताने याला रात्री घालायचे?” पुढच्या भेटीत त्या स्वतः आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला. डॉक्टर जैन नाहीत, पण तालुक्यात सगळ्यांच्या घरी त्यांचे येणे-जाणे आहे. ते हात जोडून एवढेच म्हणाले, “आजी, चौविहार तुम्ही घेतला आहे. त्याने कुठे घेतला?” सासूबाई परतीच्या वाटेवर गप्प होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, पच्चक्खाण ज्याचे त्यानेच घ्यायचे असते. त्या दिवसापासून त्या सूर्यास्तापूर्वी एक मूठ कोरडे खाद्य मोजून डबीत ठेवतात आणि रात्री दहाला माझा मुलगा ते शेरूपुढे ओततो. चूल पेटत नाही, भांडे पडत नाही. चौथ्या दिवशी पहाटेची ओसरी कोरडी होती.

येथे एक शब्द आठवतो. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अन्नपाननिरोध’ हा एक आहे. आपल्या आश्रयाला असलेल्या प्राण्याचे अन्नपाणी तोडणे हा दोष आहे. तो बैलाच्या, घोड्याच्या काळात सांगितला गेला असेल; पण आपल्या ओसरीवर बांधलेल्या जिवाला त्याला न मानवणारे अन्न घालणे आणि मानवणारे न घालणे, हे त्याच शब्दाच्या जवळपास जाते, असे मला वाटते.

शाकाहाराचा प्रश्न यानंतर येतोच. पुष्कळजण विचारतात, कुत्रा शाकाहारावर जगू शकतो का? मांजराविषयी उत्तर स्पष्ट आहे. त्याचे शरीरच मांसावर बेतलेले आहे, म्हणून मांसाहारी खाद्य ज्यांच्या उंबऱ्यात चालणार नाही त्यांनी मांजर पाळूच नये. कुत्र्याची गोष्ट वेगळी. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या धान्याजवळ हजारो वर्षे राहिल्याचा हा परिणाम. तेव्हा भात-पोळी त्याला पचते. मात्र पचते म्हणजे पुरते असे नव्हे.

डाळीचा व्यापारी असल्याने सासऱ्यांना हे पटकन उमजले. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. धान्यात त्याच्या उलट. म्हणून खिचडी ही जोडी जमते. परंतु कुत्र्याचे शरीर मेथिओनिन आणि सिस्टीनपासून टॉरीन बनविते आणि टॉरीन हृदयाच्या स्नायूला लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये, धान्य वगळून वाटाणा-मसूर यांवर बेतलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी जाहीर केली होती. त्याशिवाय जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतीत नाही, ‘ड’ जीवनसत्त्व कुत्रा आपल्यासारखे उन्हात बसून पुरेसे तयार करू शकत नाही, आणि डाळ-भातात कॅल्शियम-जस्त अपुरे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा १९० मध्ये कोणते ना कोणते आवश्यक द्रव्य कमी निघाले. त्या पाककृती तर बहुतांशी पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून मुगाची मऊ खिचडी ही बिघडलेल्या पोटाला दोन-चार दिवसांचा विसावा आहे, आयुष्यभराचा आहार नव्हे. ती करताना सालीशिवायची मूगडाळ भिजवून, वरचे पाणी टाकून, मीठ-मसाला-तूप न घालता अगदी गरगट शिजवावी. हरभरा, चवळी, राजमा यांतील शर्करा आतड्यात वायू धरतात, त्या टाळाव्यात.

परदेशी पुस्तकांत नाजूक पोटासाठी रताळे आणि गाजर सांगितलेले असते. आपल्याला कंदमुळे वर्ज्य. त्यावाचून काहीही अडत नाही. लाल भोपळा वाफवून, साल-बिया काढून, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन चमचे घातला तर त्यातील विरघळणारा तंतू पातळ शौचातील पाणी धरतो आणि कडक शौच मऊही करतो. दुधी भोपळाही चालतो, मात्र कडू निघालेला कोणालाच देऊ नये. उकळून गार केलेले पाणी आपल्याकडे असतेच. तेच त्याच्या कुंडीत घालावे.

रोजच्या आहारासाठी आपल्या देशात आता पूर्ण शाकाहारी कोरडी खाद्ये मिळतात. निवडताना पोत्याच्या पुढच्या बाजूवरील चित्र पाहू नये, मागची बारीक अक्षरे वाचावीत. व्यापाऱ्याला हे शिकवायला नको. प्रथम ‘संपूर्ण व संतुलित’ अशा अर्थाचे वाक्य आणि ते कोणत्या वयासाठी आहे हे पाहावे. ‘पूरक’ असे असेल तर ते तोंडी लावणे आहे, जेवण नाही. अमेरिकेतील खाद्यनियामकांच्या आफ्को या संघटनेच्या मानकाप्रमाणे प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात, पाण्याचा अंश वगळून, किमान १८ टक्के प्रथिन आणि ५.५ टक्के स्निग्धांश हवा. पाण्याचा अंश वगळणे महत्त्वाचे. डब्यातील ओल्या खाद्यावर ८ टक्के प्रथिन लिहिलेले असते आणि पोत्यावर २४. पाहणाऱ्याला पोते तिप्पट वाटते. पण ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांत ८, म्हणजे ३६ टक्के झाले. पोत्यात १० टक्के ओल असेल तर ९० भागांत २४, म्हणजे जेमतेम २७. ओली तूर आणि वाळलेली तूर एकाच भावाने कोण घेतो?

मग घटकयादी. ‘पोल्ट्री मील’, ‘ॲनिमल फॅट’, ‘फिश ऑइल’ हे शब्द उघड आहेत. पण चव आणण्यासाठी वरून जो थर देतात तो पुष्कळदा कोंबडीच्या यकृताचा असतो आणि यादीत तो केवळ ‘फ्लेवर’ म्हणून येतो. ‘ड-३’ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. त्यात मेंढी मरत नाही, तरी ज्यांना जाणून घ्यायचे त्यांनी जाणावे. पोटासाठी दिल्या जाणाऱ्या उपयुक्त जिवाणूंच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते. भुकटीची पुडी मागावी.

शेरूचे दूध-तूप बंद होऊन, रात्रीची मूठ सुरू होऊनही शौच पूर्ण बांधले गेले नाही. तेव्हा डॉक्टरांनी आहारपरीक्षा सांगितली. कुत्र्यांना ज्या पदार्थांची बाधा अधिक आढळते त्यांत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू हे पुढे आहेत. यांतील दूध आणि गहू शेरू जन्मापासून खात होता. परीक्षेचे तत्त्व असे की, ज्या प्रथिनाशी शरीराची ओळखच नाही ते द्यायचे, किंवा ज्याचे रेणू इतके बारीक तोडले आहेत की शरीराची संरक्षणयंत्रणा ते ओळखूच शकत नाही असे द्यायचे. दुसऱ्या प्रकारचे, सोयाबीनपासून केलेले खाद्य मिळते. पहिले पाकीट आले त्याच्या यादीत कोंबडीचे यकृत निघाले. ते परत केले. दुसरे पुण्याहून मागविले. दहा दिवसांत हळूहळू बदल केला: आधी तीन भाग जुने व एक भाग नवे, मग निम्मे-निम्मे, मग तीन भाग नवे. एका दिवसात अन्न बदलले की चांगल्या पोटाचा कुत्राही बिघडतो, आणि लोक नव्या खाद्याला दोष देतात.

पोटाच्या तक्रारीत फरक साधारण दोन-तीन आठवड्यांत दिसतो. त्वचेची खाज असेल तर आठ ते बारा आठवडे थांबावे लागते. या काळात दुसरा एक घासही नाही. सर्वांत अवघड हेच. मुलांना, मावशींना, दुकानातील हमालांना, सर्वांना सांगावे लागले. सासऱ्यांनी एक जुनी रोजमेळाची वही काढली आणि त्यात शेरूचे खाते उघडले. तारीख, किती खाल्ले, उलटी, आणि शौचाला १ ते ७ गुण. १ म्हणजे खडा, ७ म्हणजे पाणी, २-३ म्हणजे उत्तम. जमा-खर्च म्हणून नाही, पण ‘आलेले-गेलेले’ म्हणून ते रोज लिहीत. विसाव्या दिवसापासून ओळीने ३ दिसू लागले. मग डॉक्टरांनी एकेक जुना पदार्थ पुन्हा द्यायला सांगितला. गहू पचला. पनीर दिले आणि दुसऱ्याच दिवशी वहीत ६. दुधाची साखर नव्हे, दुधाचे प्रथिनच बाधत होते. आता तो साध्या शाकाहारी संपूर्ण खाद्यावर आहे, ज्यात दुधाचा अंश नाही. वर्षातून एकदा रक्ततपासणी होते, त्यात बी-१२ अवश्य पाहतात.

सर्वांची गोष्ट अशी सोपी होत नाही. माझ्या नणंदेकडे पुण्यात जर्मन शेफर्ड आहे. तो भरपूर खाई आणि तरी वाळत चालला होता. शौच ढीगभर, फिकट, तेलकट. रक्ततपासणीत निघाले की त्याचे स्वादुपिंड पाचकरसच करीत नाही. या जातीत हा विकार अधिक आढळतो. उपचार म्हणजे प्रत्येक जेवणात पाचकद्रव्याची भुकटी, जन्मभर. ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. वनस्पतीजन्य भुकट्या आहेत, पण त्यांनी तसा गुण येत नाही, असे त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. न दिल्यास कुत्रा भरल्या ताटलीपुढे उपाशी मरणार. घरात आठ दिवस कोणी नीट बोलले नाही. शेवटी त्यांनी भुकटी आणली. तिची भांडी वेगळी, जागा गॅलरीत, आणि चमचा नणंद स्वतः धुते. समाजात काहींनी नावे ठेवली. मला ती ठेवता येत नाहीत. कुत्रा आणायचा की नाही, हा निर्णय आपल्या हाती होता. आणल्यानंतर त्याचे शरीर काय मागेल, हे आपल्या हाती नाही. ज्यांना ही शक्यताच सोसणार नाही त्यांनी पिल्लू घरी आणण्याआधी विचार करावा, आणि पांजरपोळाला देणगी द्यावी. तीही सेवाच आहे. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई व आपले मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. त्याच्या मुळाशी कुत्रीच होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

काही लक्षणांत मात्र खाद्याचा विचार करीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळेपणा, थांबत नसलेली उलटी, पाणीही न राहणे, फुगून टणक झालेले पोट, आणि लहान पिल्लाचे कोणतेही जुलाब. घरातील माणसांच्या जुलाबाच्या वा दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांतील काही कुत्र्याला घातक आहेत. ‘आज उपवास घडू दे, पोट सुधारेल’ असेही आपल्याकडे सहज म्हटले जाते. मोठ्या कुत्र्याचे एखादे जेवण डॉक्टर चुकवायला सांगतील, पण पिल्लाला उपाशी ठेवणे धोक्याचे आहे, आणि पाणी तर कधीच तोडू नये.

सासऱ्यांची ती वही अजून गल्ल्याशेजारी आहे. दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन झाले तेव्हा शेरूचे खातेही नव्या पानावर ओढले गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची नोंद त्यांच्या वळणदार अक्षरात अशी आहे: ‘पाहुणे अकरा. पेढा दिला. कोणी दिला, कबूल करीत नाही. ५.’